कप, गाठ आणि थांबायची ताकद

गेला शनिवार-रविवार गावाकडे होतो. गाव म्हणजे लासूर स्टेशन. संभाजीनगरहून मनमाडकडे निघालं की दौलताबाद, पोटूळ आणि मग आमचं लासूर. पुण्यात ऑफिसमध्ये कुणी गाव विचारलं आणि मी "लासूर स्टेशन" म्हणालो, की समोरचा हमखास म्हणतो, "अरे स्टेशन नाही, गाव विचारलं!" आता काय सांगणार, गावाचंच नाव आहे ते. निझामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाईन पडली, स्टेशन झालं, स्टेशनाभोवती वस्ती आणि बाजार झाला. बाजार आजही जोरात आहे. कांदा, मका आणि अर्थातच कापूस.

तर जाताना पुण्याहून एका बड्या कॉफी चेनच्या दुकानातून भाजलेल्या कॉफीची पुडी घेऊन गेलो होतो. वडिलांनी (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ती हातात घेऊन विचारलं,

"कितीची रे ही?"

"साडेचारशे."

"किलो?"

"नाही अण्णा, पाव किलो."

अण्णांनी पुडी उलटसुलट करून पाहिली, नाकाजवळ नेली, खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "अन् ज्यानं पिकवली त्याला किती भेटले?"

मी गप्प. त्या चेनमध्ये आजवर मी किती हजार उडवलेत हे बायकोला कळू नये अशी माझी इच्छा आहे, पण इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही हे काही बरोबर नाही. शिवाय हा प्रश्न त्या दिवशी अण्णा नुसते गंमत म्हणून विचारत नव्हते. आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता, आणि माझा चुलतभाऊ एक प्रस्ताव घेऊन आला होता. त्या प्रस्तावाकडे मी शेवटी येतो. आधी कॉफी.

सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हजहून येताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्या लावल्या, अशी आख्यायिका आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्याच पट्ट्यात, म्हणजे चिकमगळूर, कोडगू, वायनाड इथे मोठे मळे लावले. हे झालं पिकवण्याचं. पण पिणारे कुठे होते? दक्षिणेतली काही शहरं सोडली तर देशात कॉफी पिणारे फार कमी. माल जायचा परदेशात.

आणि मग १९३० च्या दशकातली जागतिक मंदी आली. भाव कोसळले. १९३५ मध्ये सरकारने कायदा करून कॉफीवर उपकर लावला आणि त्यातून कॉफी सेस कमिटी निघाली. या कमिटीपुढचा प्रश्न सरळ होता. बाहेर कुणी घेत नसेल तर आपल्या लोकांना प्यायला शिकवायचं. त्यासाठी तिने १९३६ मध्ये एक दुकान उघडलं, 'इंडिया कॉफी हाऊस'. कुठे? बंगलोरला नाही, मद्रासला नाही. आपल्या मुंबईत, चर्चगेटला!

हे वाचल्यावर मी खुर्चीत जरा सरळ बसलो. कॉफी चेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिअॅटल येतं. पण सिअॅटलचं ते प्रसिद्ध दुकान १९७१ चं, आणि सुरुवातीला तिथे फक्त भाजलेल्या बिया मिळायच्या, कप नाही. त्याच्या ३५ वर्षं आधी चर्चगेटला कॉफीची साखळी सुरू झाली होती, आणि तीही मळेवाल्यांच्या मालावर बसवलेल्या उपकरातून. म्हणजे पिकवणाऱ्याच्या पैशातून पिणारा तयार करण्याचा उद्योग. १९४० च्या दशकात अशी पन्नासेक कॉफी हाऊस देशभर झाली. १९५० च्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी जाणाऱ्या कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवायला घेतली. फेटेवाले वेटर असलेली 'इंडियन कॉफी हाऊस' ती हीच.

पण मळेवाल्याचं काय झालं? तिथे खरी गोष्ट सुरू होते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि युरोपची बाजारपेठ बंद पडली. १९४० मध्ये वटहुकूम आणि १९४२ मध्ये कॉफी कायदा आला. या कायद्याखाली प्रत्येक मळेवाल्याने आपली कॉफी 'पूल'मध्ये, म्हणजे बोर्डाच्या सामायिक साठ्यात, जमा करायची. स्वतः विकायची नाही. बोर्ड लिलाव करणार, निर्यात करणार, आणि प्रतवारीनुसार गुण लावून पैसे हप्त्याहप्त्याने देणार. भाव पडले तरी सगळे एकत्र तरणार, अशी कल्पना. युद्धाच्या काळात तिने मळेवाल्यांना खरंच तारलं. पण युद्ध संपलं तरी पूल संपला नाही. तो जवळजवळ ५० वर्षं चालला.

पूलमध्ये मळेवाल्याला स्थैर्य होतं, पण त्याच्या हातात दोन गोष्टी राहिल्या नाहीत. एक, आपला माल कुणी प्यायला आणि त्याला तो आवडला का, हे त्याला कधीच कळत नसे, कारण चांगली आणि बरी कॉफी एकाच साठ्यात जायची. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची, म्हणजे वेळ. माल आज दिला, पण शेवटचा हप्ता कधी येईल ते बोर्ड ठरवणार. मधला काळ सोसायचा मळेवाल्याने.

हे ऐकून आमच्याकडच्या कुणालाही काहीतरी आठवेल. बरोबर, कापूस एकाधिकार! १९७१ चा कायदा, १९७२-७३ च्या हंगामापासून अंमल. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही आणि राज्याबाहेर तर नाहीच. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका आणि जिनिंग-प्रेसिंगनंतरच्या नफ्यात वाटा. काही वर्षं भाव बरा मिळालाही. पण अण्णांना विचारा, ते काय सांगतात तर केंद्रासमोरच्या बैलगाड्यांची रांग, ग्रेडरची मिजास, आणि चुकाऱ्याची वाट. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्रीतून कापूस सीमेपार जायचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या सक्तीविरुद्ध आवाज उठवला होता. शेवटी २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपल्यात जमा झाला.

कॉफीचा पूल त्याआधीच सुटला. १९८९ मध्ये जगातल्या कॉफी-उत्पादक आणि कॉफी घेणाऱ्या देशांमधला कोट्याचा करार मोडला. त्यापाठोपाठ सोव्हिएत युनियन हे आपलं मोठं गिऱ्हाईक गेलं. १९९१ नंतर सुधारणांचं वारं होतंच. १९९२ मध्ये मळेवाल्यांना ३० टक्के माल देशात स्वतः विकायची परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी ५० टक्के मोकळा झाला, आणि १९९६ पर्यंत पूल पूर्ण बंद. योगायोग असा की याच काळात, १९९४ मध्ये, ब्राझीलमध्ये हिमतुषार पडले, तिथली झाडं करपली आणि जगात भाव काही आठवड्यांत दुपटीच्या वर गेले. ज्याच्या हातात मोकळा माल होता त्याची चांदी झाली.

असा एक माणूस म्हणजे व्ही. जी. सिद्धार्थ. चिकमगळूरच्या मळेवाल्याच्या घरातला, पण मुंबईत शेअरबाजाराचं काम शिकलेला. १९९३ मध्ये त्याने निर्यातीसाठी अमाल्गमेटेड बीन कॉफी ट्रेडिंग कंपनी काढली. आणि जुलै १९९६ मध्ये बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे. तिथे कॉफी आणि तासभर इंटरनेट मिळून १०० रुपये! इंटरनेट देशात सामान्य माणसाला मिळायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्या लाईनीतल्या कितीतरी सीनियर लोकांनी पहिला ईमेल तिथे पाठवला असणार.

आता चेन नेमकं करते काय? इंजिनिअरच्या सवयीने मी तुकडे पाडून पाहिले.

पहिला तुकडा, मळा. मार्च-एप्रिलमध्ये एक पाऊस पडावा लागतो, त्यावर झाडं एकदम फुलतात. तो हुकला की वर्ष गेलं. नोव्हेंबरपासून पुढे लाल झालेली फळं हाताने तोडतात. फळ सोलून, आंबवून, धुवून, वाळवलं की टरफलासकट बी राहते, तिला पार्चमेंट म्हणतात. किंवा अख्खं फळच वाळवतात. देशातले बहुतेक सगळे मळेवाले छोटेच आहेत, १० हेक्टरच्या आतले. बहुतेकांचं काम इथे संपतं. पैशाची गरज असते, माल व्यापाऱ्याला जातो.

दुसरा तुकडा, क्युरिंग. कारखान्यात टरफल काढून, चाळून, आकारानुसार एए, ए, बी, सी अशा प्रती लावतात. आता जी हिरवट बी हातात येते ती कोरड्या गोदामात महिनोन्‌महिने टिकते.

तिसरा तुकडा, भट्टी. दोनशे अंशांच्या आसपास बी तडतडते. वजन १५ ते २० टक्के घटतं आणि वास सुटतो. पण एकदा भाजली की घड्याळ सुरू! काही आठवड्यांत वास उडून जातो. म्हणून शहाणी चेन माल कच्चा साठवते आणि लागेल तसा भाजते. निरनिराळ्या मळ्यांच्या बिया अशा मिसळते की लासूरचा माणूस मुंबईत प्यायला काय किंवा दिल्लीत काय, चव तीच.

चौथा तुकडा, कप. इथे गणित बघा. दुकानातल्या एका कपाला साधारण १६-१७ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते, म्हणजे २० ग्रॅम कच्ची. मळेवाल्याला किलोला ४०० रुपये मिळाले असं धरू. तर कपातली कॉफी ८ रुपयांची. कप अडीचशेचा! उरलेल्यात दूध, भाडं, एसी, पगार, कर आणि तुम्ही-आम्ही दोन तास अडवून ठेवलेली खुर्ची. सगळं चेन खिशात घालते असं नाही. पण एक गंमत लक्षात घ्या. बियांचा भाव दुप्पट झाला तरी कपामागे खर्च ८ रुपयांनी वाढतो. निम्मा झाला तर कपाचा भाव उतरत नाही. म्हणजे भावाचे सगळे हेलकावे मळ्यात, आणि कप शांत.

हेलकावे किती? २००१ च्या अखेरीस, व्हिएतनामच्या मालाचा पूर आलेला असताना, न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पाऊंडाला ५० सेंटच्या खाली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ती ४ डॉलरच्या वर गेली. पूल असताना हे धक्के थोडे तरी वाटून घेतले जायचे. आता ज्याचे त्याचे.

सिद्धार्थची हुशारी ही की त्याने चारही तुकडे जोडले. मळे स्वतःचे, क्युरिंग स्वतःचं, भट्टी स्वतःची, दुकान स्वतःचं. आपल्या ऑफिसच्या पँट्रीतली मशीनसुद्धा त्याची. मळ्यातल्या सावलीच्या सिल्व्हर ओक झाडांपासून कॅफेच्या खुर्च्या बनवायचा कारखानाही काढला. आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आलं, तेही याच वाटेने. टाटांबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी, कॉफी टाटांच्या कोडगूकडची, भट्टी कुशालनगरला.

मग सिद्धार्थचं चुकलं कुठे? कॉफीत नाही चुकलं. कपाचे पैसे काऊंटरवर रोख येतात, पण दुकानं उघडायला पैसे आधी लागतात. ते कर्जाने आले. कॉफीशिवाय इतरही धंदे वाढवले, तेही कर्जाने. २०१९ च्या मार्चपर्यंत समूहाचं कर्ज ७ हजार कोटींच्या घरात गेलं. त्याच महिन्यात त्याने माइंडट्रीमधला आपला मोठा हिस्सा एल अँड टीला ३ हजार कोटींहून जास्त किमतीला विकला (आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती बातमी या कारणाने आठवत असेल). तरीही भागलं नाही. जुलैच्या शेवटी तो मंगळूरजवळ नेत्रावती नदीच्या पुलावरून बेपत्ता झाला आणि दोन दिवसांनी मृतदेह सापडला. पुढे पत्नी मालविका हेगडे यांनी कंपनी हातात घेतली, बरीच दुकानं बंद केली आणि कर्ज पुष्कळ खाली आणलं.

ही सगळी गोष्ट मी दोनदा वाचली तेव्हा मला त्यात एकच धागा दिसला. माल हातातून जाण्याच्या आणि पैसा हातात येण्याच्या मध्ये काही काळ जातो. तो काळ कुणी सोसायचा? पूलमध्ये तो मळेवाल्याने सोसला. आज छोटा मळेवाला तो सोसू शकत नाही, म्हणून पार्चमेंटवरच विकतो. चेन तो सोसू शकते, म्हणून कमावते. आणि उसन्या पैशावर फार लांबचा काळ सोसायला गेली तर तीही मोडते. भट्टी, लोगो, ते मोठाले सोफे, हे सगळं नंतरचं. आधी थांबायची ताकद.

आता आमच्या पुढच्या खोलीत येऊ.

आमच्याकडे कापूस घरात साठवतात. अंगाला खाज सुटते, रात्री झोप लागत नाही, आगीची भीती वेगळी. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात त्याच आशेवर अर्ध्या गावाने कापूस घरात ठेवला, आणि भाव खाली खाली येत गेला. अण्णांनी जूनमध्ये, पेरणीला पैसे हवेत म्हणून, पडेल त्या भावाने दिला. म्हणजे थांबले होते, पण ती ताकद नव्हती, नुसती आशा होती. दोन्हीत फरक आहे.

चुलतभावाचा प्रस्ताव असा. वीसेक शेतकऱ्यांचा गट. कापूस खेडा खरेदीवाल्याला न देता जिनिंगवर भाड्याने रुई काढून घ्यायची, गाठी बांधायच्या आणि गाठी विकायच्या. एक गाठ १७० किलोची, तिला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. सरकी वेगळी विकता येते. गाठ गोदामात टिकते, तिची प्रत मोजता येते, तिच्यावर तारण कर्जही मिळतं. कॉफीच्या भाषेत सांगायचं तर पार्चमेंटवरून हिरव्या बीवर जायचं. सगळा कप आपला होणार नाही, पण एक तुकडा पुढे.

"दादा, तू तीन लाख टाक," तो म्हणाला. "लोकं कापूस द्यायला तयार हायेत, पण घरी पैसा लगेच लागतो ना. व्यापारी हातावर नगदी ठेवतो. आपण काय ठेवणार?"

पाहिलंत? एकाधिकारातही हाच प्रश्न होता, पूलमध्येही हाच.

मी कागद घेतला. १०० गाठींचा लॉट धरला तर ५०० क्विंटल कापूस. क्विंटलला ७ हजार धरले तर ३५ लाखांचा माल. शेतकऱ्याला मालाबरोबर ७० टक्के द्यायचे म्हटले तर साडेचोवीस लाख आधी हवेत. म्हणजे तीन लाख टाकणारे माझ्यासारखे आठ जण. गावातून पुण्या-मुंबईला गेलेली, महिन्याला पगार येणारी आठ पोरं. सापडतील की!

म्हणून मी हो म्हणालो, पण तीन अटींवर. पहिली, ७० टक्के रक्कम काट्यावर माल मोजला की त्याच दिवशी. दुसरी, साठवायची मुदत आधीच ठरवायची, आणि ती संपली की भाव असेल त्याला विकायचं. २०२२ नंतरचं घरात पुन्हा नको. तिसरी, या पैशावर इमारत, मशीन, बोर्ड, उद्घाटन असलं काही नाही. सध्या फक्त थांबायचं.

चुलतभावाला तिसरी अट फारशी आवडली नाही. (बोर्डाचं डिझाईन त्याने मोबाईलवर करून ठेवलं होतं!)

अण्णा शांतपणे ऐकत होते. त्यांनी ७०-७१ पासूनचं सगळं पाहिलंय, त्यामुळे 'आपल्या शेतकऱ्यांची' म्हणून आलेल्या कुठल्याही गोष्टीवर ते लगेच विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ते म्हणाले, "अर्धा कापूस गटाला देतो. अर्धा खेडा खरेदीत. दोन्ही पट्ट्या जपून ठेव. मंग बघू."

ऑफिसमध्ये याला आम्ही ए-बी टेस्टिंग म्हणतो आणि त्यावर तासाची मीटिंग घेतो. अण्णांनी एका वाक्यात केलं :-)

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मी त्यांना दिलं. साडेचारशेच्या पुडीसाठी साधारण ३०० ग्रॅम कच्ची बी लागते, म्हणजे किलोला ४०० धरले तर पिकवणाऱ्याला १२० रुपये. ते थोडा वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "बरे भेटतात की मंग. कापसाचं काढ."

काढलं. एका टी-शर्टला नासधूस धरून ७०० ग्रॅम कापूस लागतो असं मानलं तर आजच्या भावाने ५० रुपये. मी अंगात घातलेला आठशेचा होता. मी तो आकडा काही त्यांना सांगितला नाही.

असो. फेब्रुवारीत गाठी विकायची मुदत ठरली आहे. दोन्ही पट्ट्या हातात आल्या की आकडे इथे टाकतो, जसे असतील तसे.